टाकव्याचा गडी

बेळगाव, १२ जानेवारी १९४२

दस्तगीर यास हौशीरामचा रामराम.

मी जिवंत आहे आणि दोन्ही वेळा पोटभर खातो आहे, हे आधी सांगून टाकतो. पत्र आलं नाही म्हणून तू रेल्वेच्या शेडमध्ये बसून माझं काय काय करून टाकलं असशील ते मला ठाऊक आहे. इथं पहाटे बिगुल वाजला की माणूस स्वतःचा राहत नाही. उठायचं, पळायचं, बंदूक पुसायची, परत पळायचं. भात मिळतो, पण तो आपल्या आंबेमोहोराचा कुणीच नाही. सरकारनं बूट दिले. माझी बोटं बांधावरून अनवाणी चालून फाकलेली. ती बघून स्टोअरचा शिपाई म्हणाला, या पायाचा बूट सरकारनं अजून शिवलेला नाही. शेवटी मोठ्या मापाचा जोड दिला आणि पुढं चिंध्या कोंबायला सांगितल्या. आता बरं चालतो. लेफ्ट-राइटही येतं.

पण एक फजिती झाली ती तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. परवा उस्तादांनी, म्हणजे आम्हाला शिकवणाऱ्या हवालदारांनी, आम्हाला खंदक खणायला लावलं. प्रत्येकानं आपापला खंदक आपण खणायचा. जमीन कसली, नुसता तांबडा दगड. आमच्या सेक्शनात मी, पवनेकडचा अंबाजी आणि बाकीची पोरं, सगळी डोंगरातलीच. मी म्हटलं, एकेकटं कुठं मरत बसता, सावड करू. सगळ्यांनी मिळून आधी अंबाजीचा खंदक खणायचा, मग माझा, मग पुढच्याचा. लावणीला करतो तसं. कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही. अंबाजीचा खंदक असा झाला की त्यात लग्नाची पंगत बसावी. आणि तेवढ्यात उस्ताद आले. बघतात तर एक खंदक, आणि बाकी जमिनीवर नुसत्या रेघा. विचारतात, गोळीबार सुरू झाला तर बाकीचे कुठं जाणार? अंबाजी सरळ मनानं म्हणाला, "आज माजा झाला उस्ताद, उद्या ह्येचा करू." पाठीवर सगळं ओझं घेऊन आम्ही अंधार पडेपर्यंत मैदानाला फेऱ्या मारल्या. उस्ताद साताऱ्याकडचे आहेत. रात्री जेवताना माझ्याशेजारी येऊन हळूच म्हणाले, "आमच्याकडंबी सावड हाय रं. पर दुश्मन आपल्या सावडीत न्हाई." त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटला. मारतो आणि शिकवतोही.

आता मुद्द्याचं. तू आता लोणावळ्यात राहतोस, पण करंजवाडी तुझंही गाव आहे. आपल्यात सावडीत ज्या घराचं औत येतं, त्या घरात सगळ्यांची औतं येतात. औत म्हणजे बैल आणि मागं एक गडी. मी इथं आलो. घरात बैल आहेत आणि तुझी वहिनी झुंबर आहे, गडी नाही. भावकीतला महिपती मी निघालो तेव्हाच म्हणाला होता, भाताची खाचरं मला अर्धेलीनं, अर्ध्या वाट्यानं द्या, उगाच पडीक कशाला पाडता. एकदा घर सावडीतून बाहेर पडलं की परत आत घेताना गाव दहा वेळा विचार करतो, आणि मग गावात राहून आपण परके. मी येईपर्यंत आमचं घर सावडीत राहील एवढं बघ. बाकी मला कशाची काळजी नाही.

तुझा,
हौशीराम


लोणावळा, २० जुलै १९४२

प्रिय हौशीराम यास दस्तगीरचा सलाम.

रजा मिळायच्या आत पलटण बोटीवर चढली हे तुझ्या कार्डावरून कळलं. वहिनीला मीच जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकलं, आत गेल्या, पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, आता सावडीचं कसं करायचं ते बोला." मी म्हटलं, मी आहे. शेडमधून रजा काढली आणि लावणीला गावी गेलो.

आता हस. अंबाजीच्या खंदकाची फजिती सांगितलीस तर माझीही ऐक. तुझे बैल जुंपून मी रखमाजीआबाच्या खाचरात चिखलणीला उतरलो. लहानपणी मी म्हशींमागं फिरलो, औताला कधी हात लावला नव्हता. दोन फेऱ्या बैलांनी माझी कीव केली, तिसऱ्या फेरीला सरळ बांध फोडून पलीकडं गेले, आणि मी औत न सोडता मागोमाग. चिखलातून उठलो तेव्हा बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. रखमाजीआबानं माझ्या डोळ्यांतला चिखल पुसला आणि म्हणाले, "बाळा, तू आपली इंजनंच दुरुस्त कर."

महिपतीनं तिथंच बांधावर विषय काढला. औतामागं गडी नाही त्या घराचं सावडीत काय काम, असं तो म्हणाला. सावडीच्या कायद्यानं खोटं नव्हतं बोलत. मी घाबरलो होतो हे तुझ्यापासून लपवत नाही.

पण काळजी करू नकोस, तोड निघाली. टाकव्याकडचा एक गडी मिळाला आहे. औत धरायला नवाच आहे, पण हाताला चांगला आहे आणि बैल त्याचं ऐकतात. तुझी खाचरं त्यानंच केली. महिपती बडबडतो, त्याला बडबडू दे. तुमचं घर सावडीत आहे.

तुझा,
दस्तगीर


परमुलूख, ५ डिसेंबर १९४२

दस्तगीर,

कुठं आहे ते लिहायची मुभा नाही. साहेब लोक पत्रं वाचतात आणि नाव दिसलं की काळं फासतात. वाळू आहे एवढं समज. भाकरीत वाळू, कानात वाळू, बंदूक दिवसातून किती वेळा पुसतो त्याला गणती नाही.

तुझं पत्र मी आमच्या सगळ्या सेक्शनला वाचून दाखवलं. तू बांध फोडून गेलास तिथं अंबाजी इतका हसला की त्याला ठसका लागला. पण त्या टाकव्याच्या गड्याचं वाचलं आणि माझा जीव भांड्यात पडला. दस्तगीर, परक्या घरासाठी भर पावसात औत धरणारा माणूस आजकाल कुठं मिळतो? नाव काय त्याचं? कुणापैकी? टाकवे म्हणजे झुंबरचं माहेर, तेव्हा तिच्या ओळखीतलाच असणार. त्याला पोटभर जेवायला घालत जा म्हणावं. परत आलो की भर गावात त्याला पागोटं बांधीन, हा माझा शब्द आहे. तू त्याला आत्ताच सांगून ठेव.

हौशीराम


लोणावळा, ३० ऑगस्ट १९४३

प्रिय हौशीराम,

पागोट्याचा निरोप पोचवला. गड्यानं ऐकून घेतला आणि वैरण टाकायला निघून गेला. जरा लाजराच आहे. नाव सांगू नका म्हणतो, म्हणून सांगत नाही. तू लढाईवर आहेस, नावानं तुला काय करायचं आहे?

यंदाची एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. लावणीच्या ऐन दिवसांत रखमाजीआबा हिवतापानं पडले. घरात दुसरं कुणी नाही. पावसाची झड लागलेली, राबाच्या वाफ्यातली रोपं हाताबाहेर चाललेली, आणि त्या आठवड्यात सगळी औतं महिपतीकडं. तर हा तुझा गडी पहाटे बैल सोडून आबांच्या खाचरात उतरला. कुणी सांगितलं नव्हतं. मी आणि तुझी भाभी रशिदा आदल्या दिवशीच गावी गेलो होतो. रशिदा लावणीला उभी राहिली, मी भाकरी वाहिल्या. दिवस मावळला तेव्हा आबांचं शेवटचं खाचर चिखलून झालं होतं. आबा घोंगडं पांघरून दारात बसले होते. गडी बैल धुऊन वर आला तेव्हा ते उठून उभे राहिले. मी आबांना पाटलासमोर उभं राहताना पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी महिपतीचं औत न बोलावता तुमच्या खाचरात आलं.

रशिदा माझ्यावर रागावली आहे. म्हणते, पत्रात अर्धंच लिहिता. मी म्हटलं, दिलेला शब्द पाळतोय. तूही शब्दाचा आहेस, समजून घेशील.

तुझा,
दस्तगीर


परमुलूख, १८ फेब्रुवारी १९४४

दस्तगीर,

वाळू संपली. आता डोंगर आहेत आणि डोंगरावर बर्फ. आपला ढाकचा कडा मनात आण आणि तो वरपासून खालपर्यंत गोठलेला आहे असं समज. पलीकडच्या अंगाला जर्मन. आमची पोरं हे चढतात, दस्तगीर. रात्री पाठीवर दारूगोळा घेऊन, आवाज न करता. गोरे साहेब विचारतात तुम्ही असं चढायला कुठं शिकलात. काय सांगणार, गाई हुडकताना शिकलो म्हणून?

जमीन इतकी कडक की एका माणसाला रात्रीत खंदक होत नाही. परवा पोचलो तेव्हा अंबाजीला ताप होता. कुणी काही ठरवलं नाही, पण सगळे आधी त्याच्या जागेवर गेलो. त्याला आत निजवला आणि मग एकेकाचा खंदक धरला. उजाडायच्या आत सगळे झाले, कारण हात थांबलेच नाहीत. सुभेदारसाहेबांनी फिरून बघितलं. मला वाटलं आता फेऱ्या मारायला लावतात. ते म्हणाले, बाकीच्या सेक्शनांना दाखवा रे हे कसं केलं. मला बेळगावच्या उस्तादांची फार आठवण झाली.

इथली एक गोष्ट लिहितो, झुंबरला वाचून दाखवू नकोस, तिला खोटं वाटेल. इथं शेतं बायका नांगरतात. पुरुष लढाईत गेले, मेले किंवा पळाले. पांढरे धिप्पाड बैल, लांब शिंगांचे, आणि मागं डोक्याला फडकं बांधलेली बाई. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्ही हसलो. मग तिथंच खालच्या अंगाला तोफेचा गोळा पडला. आम्ही जमिनीवर, आणि ती बाई बैल घेऊन उभी. धूर गेल्यावर नांगराची ओळ पुरी करून मगच घराकडं वळली. मग कुणी हसलं नाही. अंबाजी म्हणाला, हिला पलटणीत घ्यायला पाहिजे. आपल्याकडं बाईनं औताला हात लावला तर पाऊस रुसतो म्हणतात, महिपती तर गाव डोक्यावर घेईल. पण खरं सांगू, त्या बाईला मी मनातल्या मनात सलाम ठोकला.

टाकव्याच्या गड्याला रामराम सांग. आबांचं वाचून मी दोन दिवस त्याच विचारात होतो. असा माणूस मला भाऊ म्हणून मिळाला असता तर बरं झालं असतं.

हौशीराम


लोणावळा, ११ मार्च १९४५

प्रिय हौशीराम,

दिवाळीपासून तुझं पत्र नाही. मी तीन लिहिली, ती पोचली का तेही कळत नाही. स्टेशनावर पलटणीच्या गाड्या थांबतात तेव्हा मी जाऊन मराठी बोलणारा कुणी आहे का बघतो. दोन शिपायांना तुझं नाव विचारलं, त्यांना माहीत नव्हतं. वहिनी दर बाजाराला कामशेतला येतात आणि मला निरोप पाठवतात, काही आलं का. त्या रडत नाहीत, म्हणून जास्त काळजी वाटते.

तुमचं घर सावडीत आहे. यंदा महिपतीनंच आधी विचारलं, तुमचं औत माझ्याकडं कधी येणार. दोन ओळी लिही. कुणाकडून तरी लिहून घे.

दस्तगीर


पुणे, लष्करी इस्पितळ, २ मे १९४५

दस्तगीर,

मी पुण्यात आहे. इतक्या जवळ असून आधी कळवलं नाही, म्हणून शिव्या देशील त्या दे. बोटीनं आणलं, मग गाडीनं. गाडी लोणावळ्याला थांबली होती. तुझ्या शेडचं पत्र्याचं छप्पर मी खिडकीतून पाहिलं आणि तोंड फिरवून घेतलं.

माझा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. आमचा एक पोरगा ओढ्यापलीकडं जखमी होऊन पडला होता. त्याला आणायला गेलो, जाताना काही झालं नाही, येताना सुरुंगावर पाय पडला. पोरगा वाचला. अंबाजीनं मला पाठीवर घेऊन तो डोंगर उतरवला. वरून गोळ्या येत होत्या आणि तो मला सारखा म्हणत होता, "झोपू नगंस, बोलत ऱ्हा, तुज्या गावाचं सांग." मी त्याला सगळ्यांची खाचरं सांगत आलो, कुणाच्या खाली कुणाचं ते. अंबाजीसारखा माणूस मी पाहिला नाही. तो आहे, सुखरूप आहे.

इथं लाकडी पाय देणार आहेत. त्यानं रस्त्यावर चालता येतं म्हणतात. चिखलात उभं राहता येत नाही, ते मी विचारून घेतलं.

म्हणून आता नीट वाच. मी गावी येत नाही. औत धरता येत नाही तो माणूस सावडीत कुणाच्या उपयोगाचा? इतकी वर्षं गाव माझ्या खाचरात राबला, ते मी फेडणार कशानं? लोक काही बोलणार नाहीत, उलट मान देतील, ओट्यावर बसवतील. तेच मला नको आहे. ओट्यावर बसून दुसऱ्यांना चिखलात बघणं मला जमणार नाही. इथले एक साहेब चौकीदाराची नोकरी देतो म्हणाले आहेत, पुण्यातच. झुंबरला मी इकडं घेऊन येईन, यायची असली तर.

खाचरं टाकव्याच्या त्या गड्याला द्यायची. महिपतीला नाही, कुणालाच नाही, त्यालाच. त्यानं आमचं घर राखलं, आबांचं केलं, त्याचाच हक्क आहे. माझ्या जागी सावडीत आता तोच. हे तू झुंबरला समजावून सांग. मी पूर्ण विचार करून लिहितो आहे.

हौशीराम


करंजवाडी, ९ मे १९४५

प्रिय हौशीराम,

तुझं पत्र घेऊन मी त्याच दिवशी गावी आलो आणि हे तुझ्याच ओसरीवर बसून लिहितो आहे. वहिनीला पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. पायाचं ऐकलं तेव्हा त्या भिंतीला टेकल्या. मग म्हणाल्या, पुढं वाचा. मी पुढं वाचलं. खाचरं त्या गड्याला द्या, इथपर्यंत आलो तेव्हा त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी कागद खाली ठेवला.

हौशीराम, टाकव्याचा गडी म्हणून कुणी नाही. तुझं औत तीन पावसाळे तुझ्या बायकोनं धरलं आहे.

पहिल्या वर्षी मी चिखलात पडलो आणि महिपती बोलला, तेव्हा त्यांनी पदर खोचला, बैल परत आणले आणि औत धरलं. बाया ओरडल्या, पाऊस जाईल म्हणाल्या. पाऊस गेला नाही, उलट झोडपून काढलं. हाताची सालटी निघाली, ती त्यांनी हळद लावून फडक्यात बांधली. मला बजावलं, की ह्यांना कळवायचं नाही. पलटणीत लोक हसतील, बायकोला औताला जुंपलं म्हणतील, आणि ह्यांची मान खाली जाईल. म्हणून मी तो गडी रचला. आबा उभे राहिले ते वहिनींसाठी. त्या दिवशी अंगावर इरलं आणि मांडीपर्यंत चिखल, अशी ती बाई बैल घेऊन वर येताना मी पाहिली, आणि तुला खरं लिहिता येईना म्हणून माझा जीव तळमळला.

तुझ्यावर कुणाचं काही फेडायचं राहिलेलं नाही. जेवढी औतं तुमच्याकडं आली, तेवढ्या घरी वहिनी गेल्या. आबांनी, महिपतीनं, सगळ्यांनी ते मान्य केलं आहे.

यापुढचं त्या सांगतात आणि मी लिहितो. एक अक्षर बदलायचं नाही अशी ताकीद आहे.

"पाय गेला त्ये ऐकलं. रडले. आता तुमच्यासमोर रडनार न्हाई. त्या पोराला आनाया गेला त्ये बरं केलं. त्याच्या आईला माजा निरोप धाडा.

खाचरं त्या गड्याला द्या म्हंता. बरं, दिली समजते. आता खाचरं माजी, तवा माजं ऐका. वट्यावर कुनी बसवनार न्हाई तुमाला. मी तर मुळीच बसवनार न्हाई. राब भाजून झालाय. बी ठिवलंय. पाऊस लागला की औतामागं मी हाय. पर राबात बसून रोपं उपटाया मानूस कमी पडतंय. आबा उपटत व्हते, त्यांचं हात आता कापत्यात. रोप मुळासकट निघालं पायजे, तुटलं तर जगत न्हाई, आन् तुमच्या हातचं कदी तुटलेलं म्या बगितलं न्हाई. त्येला फळीवर बसायचं आस्तंय, पाय लागत न्हाई. सगळ्यांच्या राबात जायाचं, आज हितं, उद्या तितं. तेवढी आपल्या घरची सावड तुमी करा, बाकीची मी करते.

पुन्यात चौकीदार झाला तर म्या यायची न्हाई. बैल कुनाच्या जिवावर टाकू? तुमी या."

एवढं बोलून त्या गोठ्यात गेल्या. अंगठा उठवायला परत बोलावलं तेव्हा डोळे लाल होते. ते मी लिहिलेलं त्यांना सांगू नकोस.

दस्तगीर


पुणे, २६ मे १९४५

दस्तगीर,

पत्र वाचलं. मग शेजारच्या खाटेवरच्या पोराला वाचायला दिलं, आणि तिथून ते सगळ्या वॉर्डात फिरलं. हसलं कुणी नाही. त्या बर्फातल्या बाईला मी सलाम केला होता, दस्तगीर, आणि माझ्या घरातलीला साधा रामराम धाडत होतो, तोही दुसऱ्याच्या नावानं. एवढी वर्षं मला वाटत होतं की लढाईवर मी आहे.

चौकीदारीला नाही म्हणून सांगितलं. पुढच्या शनिवारी सुटतो. वडगावला दुपारच्या गाडीनं उतरेन. लाकडी पायानं गावापर्यंतची वाट होणार नाही, म्हणून बैलगाडी पाठवायला सांग. तू येशील हे मला माहीत आहे, पण कासरा तू धरू नकोस, तुझं बैलांशी जमत नाही.

गाडी झुंबरनं हाकावी. मधल्या वाटेनं नको, चावडीवरून आणावी, सगळा गाव बाहेर असेल तेव्हा. पागोटं मी इथंच घेऊन ठेवलं आहे.

हौशीराम